अंगणातल्या पडलेल्या निंबाचा नंदी: तान्ह्या पोळ्यासाठी, घरीच चिरलेल्या लाकडातून

धंतोलीकर | २१ मे

परवाच्या वादळात आमच्या मागच्या अंगणातला निंब मुळासकट आडवा झाला. आजोबांनी लावलेलं झाड. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर पाच फूट भरतो, सरळ खोड सात फुटांचं आणि वर दोन जाड फांद्या. जळाऊ लाकूड घेणारे विचारून गेले, पण मी दिलं नाही.

या लाकडाचा तान्ह्या पोळ्यासाठी नंदी करायचा असं मनात पक्कं आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. आजवर तिचा नंदी आम्ही नागपूरच्या बडकस चौकातून विकत आणला. आता तिच्या पणजोबांच्या झाडाचा व्हावा. दीड फूट उंच, पाटावर उभा, खाली चार चाकं, ओढायला दोरी. पुढे तिच्या लेकरांनीही तोच ओढावा इतका पक्का.

माझ्याकडे जिगसॉ, ड्रिल, रंधा, पटाश्या, क्लॅम्प आहेत. टेबल, शेल्फ, दिवाण केले आहेत, कोरीव काम केलेलं नाही. काटोलच्या मावसभावाने संत्र्याच्या बागेसाठी पेट्रोलवरचा चेनसॉ घेतला आहे. खोड त्यानेच अंगणात चिरावं असा विचार आहे.

निंब या कामाला चालेल का? एकाच ओंडक्यातून कोरू की फळ्या जोडू? आणि याच पोळ्याला होईल का?

रंधापटाशी | २१ मे

भाऊ, जळाऊवाल्याले देलं नाही हे एकदम बरोबर केलं. लकडगंजात आमचं दोन पिढ्यांचं काम आहे, म्हणून सांगतो. निंब चालते. आतलं लालसर लाकूड पक्कं असते, वाळवी त्याले सहजासहजी लागत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र घुणाचं खाद्य आहे, ते जितकं काढता येईल तितकं काढा.

एक त्रास आहे. निंबाचे रेषे सरळ नसतात, वेणीसारखे उलटसुलट गुंफलेले असतात. रंधा एका बाजूनं गुळगुळीत जाते आणि चार बोटं पुढं गेला की तिथंच साल उपटते. पातं धारदार ठेवा, काप बारीक घ्या, शेवटी पोलादी पत्तीनं खरवडा. भुसा कडू असते, नाकाले झोंबते. मास्क लावल्याबिगर घासायले बसू नका.

आता खरं सांगतो, वाईट मानू नका. या पोळ्याले होत नाही. परवा पडलेलं झाड आहे, अंगात पाणीच पाणी. आत्ता कोरून रंगवला तं दिवाळीपर्यंत पाठीवर बोट जाईल एवढी भेग पडन.

वनपाल_निवृत्त | २२ मे

कापण्याआधी कागद पाहा. नागपुरात झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड आपोआप पडलं असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोसह लेखी कळवा आणि पोच घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आजोबांनी लावलेलं म्हणता, तेव्हा वय नक्की लिहा.

लाकूड अंगणातच चिरणार असाल तर बरंच सोपं आहे. आरा मशीनवर न्यायचं ठरलं तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याचं विचारा. आरा मशीन परवान्यावर चालतात, आलेल्या मालाचा हिशेब त्यांना ठेवावा लागतो. कागद मागितले तर तो तुमच्यावरचा संशय समजू नका.

मुळामुठा | २२ मे

मी पुण्याचा, माफ करा, पण तान्हा पोळा आमच्याकडे नाही. आम्ही बैलपोळा ओळखतो, तोही आता गावाकडेच. लाकडी बैल मुलं ओढतात म्हणजे नेमकं काय?

आर्वीची_लेक | २२ मे

पिठोरी अमावास्येला पोळा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, लेकरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदीला झूल, माळा, बाशिंग चढवून मुलं चौकात तोरणाखाली रांगेत उभी राहतात. मोठी माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, ‘हर बोला हर हर महादेव’चा गजर होतो, तोरण तुटतं. मग मुलं नंदी घेऊन घरोघर जातात, ओवाळून घेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात. नागपुरात त्याच दिवशी मारबतींच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूकही निघते, त्यामुळे महाल-इतवारीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नसते. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. लेकरांना बैलाचं मोल कळावं एवढाच हेतू. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला या, मोठमोठे नंदी येतात.

धंतोलीकर दादा, एक आग्रहाची विनंती. नंदी गवळाऊ करा. बाजारातल्या नंदींना हल्ली लांब, वर वळलेली शिंगं लावतात, ती खिलारची. गवळाऊ ही आपली जात: आर्वी, कारंजा, नागपूर आणि पलीकडे शिवनी-छिंदवाडा हा तिचा मुलूख. अंग लांबट आणि अरुंद, तोंड निमुळतं, कपाळ किंचित फुगीर, शिंगं आखूड, बोथट आणि जराशी मागे झुकलेली. रंग पांढरा, बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी छटा. वडिलांकडे जोडी होती. पळायला हलकी, एका हाकेत वळणारी. आता आमच्या गावात गवळाऊची निव्वळ जोडी शोधावी लागते. निदान लेकरांच्या हातात तरी ती राहू दे.

धंतोलीकर | २२ मे

ताई, ठरलं. गवळाऊच. आखूड आणि बोथट शिंगं लहान मुलांच्या घोळक्यात बरीही.

कोरणी | २३ मे

रंधापटाशी यांच्याशी अर्धा सहमत, अर्धा नाही. ओलं लाकूड कोरूच नये असं नाही. मूर्ती आणि मुखवटे करणारे अनेक जण ओल्यातच कोरतात, कारण तेव्हा पटाशी सहज जाते. वाळलेला निंब कोरताना मनगट दुखून येतं. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती निंबाच्याच असतात. जुन्या मूर्तींच्या जागी नव्या घडवायचा विधी, नवकलेवर, शेवटचा २०१५ मध्ये झाला. लाकूड थोर आहे.

भेग का पडते ते समजून घ्या. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. अख्ख्या गोल ओंडक्यात हा फरक जिरवायला जागा नसते, म्हणून तो सालीपासून गाभ्यापर्यंत फाटतो. गाभा काढून टाकला, पोट खालून पोखरलं आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली, तर ओल्यात कोरलेलं कामही टिकतं. कोरून झालं की भुशाने भरलेल्या पोत्यात ठेवून महिनाभर सावकाश वाळू द्यायचं.

रंधापटाशी | २३ मे

हे बरोबर आहे, पण त्यासाठी हात बसलेला पाह्यजे. भाऊंनी कोरीव काम केलं नाही म्हणते. पहिल्याच कामात पोट पोखरताना भिंत कुठं बारीक, कुठं जाड होईल आणि तिथंच फाटन. खोड एकच आहे, दुसरं आजोबाचं झाड कुठून आणता?

कोरणी | २३ मे

मग फांदीवर हात बसवू द्या. मनगटाहून थोडी जाड फांदी, त्यातून वीतभर लांबीचा छोटा नंदी ओल्यात कोरायचा. या पोळ्याला तो. खोडाच्या फळ्या पुढच्या वर्षीसाठी.

धंतोलीकर | २३ मे

हे मनाला पटलं. मुलीला यंदा छोटा, पुढच्या वर्षी मोठा. उद्यान विभागाची पोच आली की खोडाला हात लावतो.

धंतोलीकर | ७ जून

खोड चिरून झालं. ज्यांना घरी करायचं असेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे कुठे वाचायला मिळालं नाही.

सर्वांत आधी लोखंड शोधलं. घराजवळच्या झाडात ते असतंच. आमच्या खोडात कपडे वाळत घालायच्या तारेचा आकडा आणि दिवाळीच्या माळांचे खिळे होते, काही सालीने पूर्ण गिळलेले. लोखंडाजवळ निंबाचं लाकूड निळसर काळं पडतं, तो डाग दिसला की खोल शोधायचं. जाड चुंबक फिरवून आकडा सापडला. एक खिळा साखळीला लागला तरी तिचे दात जातात.

चेनसॉला येणारी साखळी झाड आडवं कापण्यासाठी असते, तिच्या दातांचा कोन ३० अंशांच्या आसपास. रेषांच्या दिशेने चिरताना ती फार हळू जाते आणि चिर खडबडीत येते. उभ्या चिरकामासाठी दात १० अंशांना घासतात. मावसभावाने एक साखळी तशी घासून घेतली. पात्याला अडकवायची चौकट गॅल्व्हनाइज्ड नळ्यांची वेल्डरकडून करून घेतली. तिच्यामुळे प्रत्येक फळीची जाडी सारखी राहते.

पहिल्या चिरेला टेकायला सरळ पृष्ठभाग नसतो, म्हणून अॅल्युमिनियमची शिडी खोडाच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी स्क्रू करून बसवली आणि चौकट तिच्यावरून सरकवली. एकदा तो सपाट भाग मिळाला की पुढच्या सगळ्या फळ्या त्याच्याच आधाराने. खोड दोन ओंडक्यांवर उचलून ठेवलं, दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या. चिर पुढे गेली की मागे बारीक पाचरी घालत जायच्या, नाहीतर फळीचं वजन पात्यावर बसतं. काम पहाटे साडेपाचला सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवलं.

फळ्या दीड इंची काढल्या. गाभा ज्या फळीत आला ती मधोमध चिरून गाभा वेगळा केला. खोडाच्या मध्यावरच्या फळ्यांत वलयांच्या रेषा उभ्या दिसतात. त्यांवर खडूने खूण केली आहे, चाकांसाठी.

शिवणपान | ७ जून

फार उपयोगाचं लिहिलंत. तीन गोष्टी जोडते, माझ्या भावाचा शेतात अपघात होता होता वाचला म्हणून. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर मफ आणि पायांत जाड बूट हे सगळं हवंच, चप्पल घालून चेनसॉ हातात धरू नये. दुसरं, चिरकामात इंजिन सलग पूर्ण जोरात चालतं आणि माणूस वाकून त्याच्या धुराजवळ असतो. कंपाउंडच्या आत भिंतींमध्ये काम असेल तर मागे पंखा लावा.

तिसरं, भुशाचा हिशेब. चेनसॉच्या एका चिरेत आठ-नऊ मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं, आरा मशीनच्या पट्ट्याने दोन-तीन. पाच-सहा फळ्या काढल्या की एक फळी भुशातच गेली. ज्यांचं खोड बारीक आहे त्यांनी परवानगी घेऊन आरा मशीनच गाठावं.

रंधापटाशी | ८ जून

आता चट्टा लावणं महत्त्वाचं. जमिनीपासून फूटभर उंच विटा. त्याच्यावर फळ्या, दर दीड फुटावर एक इंची कोरड्या पट्ट्या आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत. रेष चुकली की फळी वाकते. वर दगड ठेवा. फळ्यांच्या दोन्ही टोकाले जुना ऑइल पेंट नाहीतर मेण लावा, लाकूड टोकातूनच सगळ्यात भराभर वाळते आणि तिथंच फाटते. ताडपत्रीनं गुंडाळू नका, पावसात आत बुरशी येईल. वरून टीन, बाजूनं मोकळं.

पांढऱ्या भागाले टाकणखार आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून दोनदा लावून घ्या, लाकूड ओलं आहे तवरच. ओल्या लाकडात ते आत शिरते, वाळल्यावर शिरत नाही.

मुळामुठा | ८ जून

इंचाला एक वर्ष असं वाळवणीचं गणित ऐकलं आहे. मग दीड इंचाला दीड वर्ष नाही का लागणार?

गोरेवाडा | ९ जून

ते ढोबळ गणित आहे, हवेवर बदलतं. नागपूरचा उन्हाळा लाकडासाठी भट्टीच आहे. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. अशा हवेत बराच काळ राहिलेलं लाकूड ५-६ टक्के ओलाव्यावर स्थिरावू पाहतं. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या घरात, तेव्हा तेच लाकूड १५-१६ टक्क्यांकडे जातं. दीड इंची निंब पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कामाला येईल.

आपल्याकडचा खरा पेच मात्र पुढेच आहे. नंदी तयार होणार एप्रिल-मेमध्ये, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या हवेत. बाहेर निघणार पोळ्याला, सगळ्यात दमट हवेत. २० सेंटिमीटर रुंदीचं लाकूड या दोन ऋतूंच्या मध्ये तीन-चार मिलिमीटर फुगू शकतं. मेमध्ये घट्ट बसवलेलं चाक ऑगस्टमध्ये फिरणार नाही. जोड असे ठेवा की लाकूड फुगलं तरी कोणी कोणाला ताणणार नाही. रेषा आडव्या लावल्या की फाटलंच समजा, मग गोंद कितीही चांगला असो.

आर्वीची_लेक | ३० ऑगस्ट

छोट्या नंदीचं काय झालं?

धंतोलीकर | ३० ऑगस्ट

झाला ताई, आणि पोळ्याला चौकात गेलाही. फांदीतून गाभा काढला, पोट खालून पोखरलं, भुशाच्या पोत्यात ठेवला. एका कानामागे केसाएवढी रेष आली आहे, बाकी अखंड. खांदेमळणीला मुलीने त्याच्याही खांद्याला हळद-लोणी लावलं आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून कानात सांगितलं. हे तिला आजीने शिकवलं. कोरणी, तुमच्यामुळे हात बसला.

धंतोलीकर | ११ एप्रिल

धागा वर आणतो. फळ्यांतला ओलावा मोजला. मीटर विकत घेतला नाही, घरच्या ओव्हनवर काम झालं. फळीच्या टोकापासून फूटभर आतला तुकडा कापला, वजन ३१२ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास ठेवला, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. शेवटी २७६ ग्रॅम. कमी झालेले ३६ भागिले २७६, म्हणजे १३ टक्के. फळ्या आता बैठकीत भिंतीशी उभ्या आहेत, घरातल्या हवेची सवय होऊ दे.

आराखडा असा: रंधून फळ्या ३४ मिलिमीटरच्या झाल्या. अशा पाच फळ्या उभ्या एकमेकींना चिकटवल्या की १७ सेंटिमीटर रुंदीचं अंग होतं. बाहेरच्या दोन अखंड, आतल्या तीन फळ्यांची मधली जागा चिकटवण्याआधीच जिगसॉने कापून काढायची, म्हणजे पोट आपोआप पोकळ. ४५ सेंटिमीटर लांब आणि २० उंच अंग भरीव ठेवलं असतं तर साडेअकरा किलोच्या आसपास भरलं असतं, असं आठ किलोवर येतं.

पाय त्याच फळीतून कापू की वेगळे करू?

रंधापटाशी | ११ एप्रिल

वेगळेच करा. अंगाच्या फळ्यांचे रेषे डोक्याकडून शेपटीकडे जातात. पाय त्यातूनच कापला तं त्याच्यात रेषे आडवे येतात, लेकराच्या हातून एकदा पडला की कटकन तुटते. पायाचे रेषे उभे पाह्यजेत. पायाले वर चौकोनी कूस, म्हणजे भोकात बसणारं टोक काढा, अंगात दोन इंच खोल भोक पाडा, गोंद लावून बसवा आणि बाजूनं लाकडी खुंटी मारा. खिळा नको.

शिंगांसाठी झाडाची नैसर्गिक वळलेली फांदी ठेवली असन तं तीच वापरा. वळणासोबत रेषेही वळलेले असतात, म्हणून तुटत नाही. फळीतून वाकडं शिंग कापलं तं टोकाकडे रेषे तुटतात.

गोरेवाडा | १२ एप्रिल

पाटाबद्दल. पाटाचे रेषेही अंगासारखेच, लांबीच्या दिशेने ठेवा. मग पावसाळ्यात अंग रुंदीत फुगलं की पाटही त्याच दिशेने फुगेल आणि पायांवर ताण येणार नाही. बरेच जण पाट आडव्या रेषांचा घेतात आणि पाय जोडातून निघतात.

आता उलटण्याचं. नंदीचं वजन उंचावर असतं. तुमच्या मापांवरून गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आसपास येईल. दोन चाकांमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर १८ अंश कलला की तो पडणार. ३२ ठेवलं तर २८ अंशांपर्यंत तग धरेल. रस्त्याच्या कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक) आणि सिमेंट रस्ता यांच्यामध्ये जो उंचवटा असतो, त्यावर एक चाक चढलं की हाच फरक कामी येतो. पाट रुंद दिसेल, दिसू द्या.

चाकांचा व्यास १२ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. लहान चाकं सिमेंट रस्त्याच्या सांध्यात अडकतात आणि मूल ओढतच राहतं.

कोरणी | १२ एप्रिल

चाकांसाठी फांदीच्या गोल चकत्या कापायचा मोह टाळा. दिसायला सुंदर, पण वाळताना कडेपासून मध्यापर्यंत फाटतातच. खूण करून ठेवलेल्या उभ्या वलयांच्या फळ्यांतून कापा, त्या सपाट राहतात.

धंतोलीकर | २४ मे

अंग जुळलं, पाय बसले, मान आणि डोकं कोरून झालं. कपाळाचा फुगीरपणा साधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आर्वीच्या ताईंनी पाठवलेला जोडीचा फोटो समोर लावून बसलो होतो. वशिंड वेगळा तुकडा नाही, आतल्या तीन फळ्याच वर उंच ठेवल्या आणि गोल केल्या, बाहेरच्या फळ्या पाठीला उतरत्या घेतल्या.

चाकांच्या मध्यात पितळी बुश ठोकल्या, आस १२ मिलिमीटरची लोखंडी सळई, दोन्ही टोकांना वॉशर आणि स्प्लिट पिन. लाकूड फुगलं तरी बुशमुळे आसेला धरणार नाही. चाकांच्या कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, आवाजही कमी.

प्रश्न फिनिशिंगचा. घरात दोन मतं आहेत. आई म्हणते नंदी पांढरा हवा. मला निंबाचा लालसर रंग आणि ती उलटसुलट रेघ झाकायचं जिवावर येतं.

शिवणपान | २४ मे

रंगवणार असाल तर घरात पडलेला जुना डबा वापरू नका. शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारा नियम २०१६ चा, अंमलात २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या डब्यांत किती शिसं असेल सांगता येत नाही, आणि लहान मूल नंदीचं शिंग तोंडात घालतंच. नवा डबा घ्या, त्यावर शिसं नसल्याचं छापलेलं पाहून घ्या.

रंधापटाशी | २५ मे

चपडा लाखेचं पॉलिश सुंदर दिसते, पण पावसाचं पाणी पडलं की पांढरे डाग येतात. पोळ्याले पाऊस नाही असं वर्ष क्वचितच. जवसाचं तेल लावा. घाण्याचं, कच्चं. अगदी पातळ हात, जास्तीचं फडक्यानं पुसून काढायचं, पूर्ण वाळलं की पुढचा हात. बाजारात ‘डबल बॉइल्ड’ मिळते त्यात लवकर वाळायसाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, लेकराच्या वस्तूले ते नको.

गोरेवाडा | २५ मे

जवसाच्या तेलाबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने वाचावी. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा डस्टबिनमध्ये टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्या क्रियेत उष्णता निघते आणि घडीत ती कोंडते. फडकं कोणी काडी न लावता पेटतं. आपल्या ४५ अंशांच्या मेमध्ये तर अजूनच लवकर. वापरलेलं फडकं लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या.

आर्वीची_लेक | २५ मे

आईंचं आणि तुमचं दोघांचंही राहील असं सुचवते. अंगाला जवसाचं तेल. पांढरं काम झुलीवर सोडा. माझ्या आजीची पद्धत होती, पांढऱ्या खादीची झूल, कडेला लाल गोट आणि घुंगरं. गवळाऊचा पांढरेपणाही आला, लाकूडही दिसलं.

धंतोलीकर | २६ मे

आईला वाचून दाखवलं. तिने कपाटातून कापड काढून मापं घ्यायला सुरुवात केली आहे. तेलाच्या फडक्यांची बादली अंगणात ठेवली.

धंतोलीकर | १९ जुलै

पावसाची पहिली परीक्षा झाली. महिनाभर दमट हवेत ठेवून रोज पाहतो आहे. अंगाची रुंदी मेमध्ये १७० मिलिमीटर होती, आता १७२. पाट तितकाच वाढला, पाय सरळ आहेत. चाकं मोकळी फिरतात. जोडांत कुठेही रेष नाही. काल गल्लीत ओढून पाहिला, गट्टूवरून सिमेंटवर उतरताना डगमगला, पण उलटला नाही. शेजारच्या दोन घरांनी विचारलं आहे. चट्ट्यात अजून फळ्या आहेत, त्यांच्या मुलांसाठी दोन नंदी बसतात. वळलेली फांदी मात्र एकाच जोडीपुरती होती.

नवा_सुतार | १९ जुलै

संपूर्ण धागा वाचला. आमच्याकडे हिंगण्याला बाभूळ पडली आहे, तिचं करतो आहे. दोरी कुठे बांधावी? शिंगांना बांधली तर खऱ्या बैलासारखी दिसते.

रंधापटाशी | २० जुलै

शिंगाले बांधू नका. उंचावरून ओढलं की पुढची बाजू खाली दबते, मागची चाकं उचलतात, अन् शिंगाचा जोडही ढिला होते. पाटाच्या पुढच्या काठाले, आसेच्या उंचीवर लोखंडी कडी लावा. शोभेसाठी शिंगातून वेसणीपर्यंत वेगळा रेशमी गोफ घाला, पण त्याच्यावर वजन येऊ देऊ नका. बाभूळ निंबाहून जड आहे, पोट जास्त पोकळ ठेवा.

धंतोलीकर | २० जुलै

आमची दोरी चार फुटांची सुती आहे. नायलॉन हाताला कापतं. पहिल्यांदा तीन फूट ठेवली होती, तेव्हा नंदीचं पुढचं चाक मुलीच्या टाचेला लागत होतं. चारला नीट अंतर राहतं. टोकाला याच निंबाच्या काडीची वीतभर मूठ केली आहे. बाभळीच्या फळ्यांना चट्टा लावताना टोकांना रंग लावायला विसरू नका, आणि फोटो इथेच टाका.